पाकिटातली चोच

आमच्या वनस्पतिसंग्रहात तीन लाख मेलेली झाडं आणि सात जिवंत माणसं आहेत, त्यामुळे सगळे निर्णय बहुमतानं होतात. एसी किती ठेवायचा, खिडकी उघडायची की नाही, डबा कुठे बसून खायचा, सगळं झाडांच्या सोयीनं. झाडांना गारवा लागतो, नाहीतर त्यांना किडे लागतात. गारव्यानं माणसांना सर्दी होते, पण सर्दीनं कागदाला भोकं पडत नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून भर उन्हाळ्यात आम्ही स्वेटर घेऊन कामाला निघतो आणि बसमधले लोक आमच्यासाठी सरकून जागा करतात, कारण त्यांना वाटतं आम्हाला ताप आहे.

माझं काम शीटचे फोटो काढायचं. शीट म्हणजे जाड पांढरा कागद. त्यावर दाबून वाळवलेलं झाड चिकटवलेलं असतं, खालच्या कोपऱ्यात ते कोणी, कुठून, कधी उपटून आणलं त्याची पट्टी, आणि वरच्या कोपऱ्यात घडीचं कागदी पाकीट. शीट कॅमेऱ्याखाली ठेवायची, शेजारी मोजपट्टी ठेवायची, बटण दाबायचं. झाड हलत नाही, डोळे मिटत नाही, ‘परत काढ, यात मी जाडी दिसते’ म्हणत नाही. माझ्या आधीचा फोटोवाला हे काम सोडून लग्नांचे फोटो काढायला गेला. आता रस्त्यात भेटला की माझा हात धरून विचारतो, “तिकडे जागा आहे का रे?”

मला हे काम वहिनीमुळे मिळालं. दादा जहाजावर असतो, त्यामुळे घरात आई, वहिनी आणि मी. पहिल्याच दिवशी वहिनीनं बजावलं होतं, “ऑफिसात मला मॅडम म्हणायचं.” मी पहिल्याच तासाला तीन कपाटांपलीकडून “वहिनीऽ, किल्ली!” अशी हाक मारली. तेव्हापासून अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणतं. साहेबसुद्धा. साहेबांना अजून तीन वर्षांनी पेन्शन आहे.

वहिनीकडे जवसाचं कूळ आहे. आपण जवस म्हणतो तो शेतातला, शहाण्यासारखा रांगेत उभा राहणारा. त्याची रानातली भावंडं डोंगरात राहतात, खिंडीत, दगडांच्या फटीत, जिथे बकरीही दोनदा विचार करून पाय ठेवते. या भावंडांच्या जुन्या नोंदी तपासायच्या, कोण कुठल्या उतारावर सापडलं आणि त्याला दिलेलं नाव बरोबर आहे का ते बघायचं, हे वहिनीचं काम. आणि हे कूळ नोंदींच्या बाबतीत अत्यंत बेभरवशाचं आहे. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या टाकून मोकळं होतं. तोडलं तर पिशवीत जाईपर्यंत त्याला टक्कल पडतं. म्हणून शीटवर फुलं जवळजवळ नसतातच, आणि ओळख पटवायची ती बोंडावरून. बोंड म्हणजे बियांची डबी, वाटाण्याहून लहान.

तर वहिनीला एका जुन्या शीटच्या पाकिटात चार बोंडं सापडली आणि चारही बोंडांना चोच होती.

यात काय विशेष, असं आईनंही विचारलं होतं. विशेष असं, की ते झाड खिंडीच्या वरच्या उतारावरचं, वीतभर उंचीचं, बुटकं. बुटक्या जवसाचं बोंड गोल असतं, मण्यासारखं. चोच असते ती खालच्या दरीतल्या उंच जवसाला. बुटकं झाड आणि चोचवालं बोंड हे दोन्ही एकत्र आजवर कोणी पाहिलं नव्हतं. म्हणजे नवी जात. वहिनीनं वर्षभर तपासलं, मोजलं, चित्रं काढली, लेख लिहिला, आणि तो स्वीकारलाही गेला. फक्त शीटचा चांगला फोटो पाठवायचा राहिला होता.

या फोटोवर वहिनीची नोकरी टांगलेली होती. संग्रहात कायमची जागा एकच निघाली होती आणि ती जवसाला तरी मिळणार होती, नाहीतर शेवाळाला. शेवाळाचा माणूस म्हणजे शेवाळराव, सज्जन आणि किंचित ओलसर. लेख छापून आला तर जागा वहिनीची, हे साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. नाही आला तर महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपत होतं. आईनं शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलं होतं, “आमच्या सुनेनं जवस शोधला.” घरमालकांनी काळजीनं विचारलं, “हरवला होता का?”

आणि नव्या जातीला नाव द्यायचं होतं डिंककाकांचं.

डिंककाका म्हणजे आमचे शीट चिकटवणारे. संग्रहातलं जुनं झाड सुटं झालं, कागद पिवळा पडला, की शीट काकांकडे जाते. ते झाड उचलून नव्या कागदावर बसवतात, बारीक फांद्यांना डिंक, जाड फांद्यांना सुईदोऱ्याचा टाका. एका वेळी दोन शीट घेतात. एकीचा डिंक वाळेपर्यंत दुसरीचं काम. काम चालू असताना झाडावरून जे काही गळेल, पाकळी, बी, बोंड, ते त्याच शीटच्या पाकिटात टाकायचं. काहीही फेकायचं नाही, हा संग्रहाचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की शीटवर एकदा चिकटवलेली चिठ्ठी कधीही काढायची नाही. कोणा विद्वानानं चुकीचं नाव लिहिलं असेल तरी त्याची चिठ्ठी तशीच राहते आणि बरोबर नावाची चिठ्ठी शेजारी लागते. आमच्याकडे एका शीटवर इतक्या चिठ्ठ्या आहेत की झाड शोधावं लागतं.

ही चोचवाली शीट काकांनीच दुरुस्त केली होती. “काकांनी ती बोंडं जपली नसती तर मला काय दिसलं असतं?” असं वहिनी म्हणायची. नाव द्यायचं कळलं त्या दिवसापासून काका नवे बूट घालून येत होते. बूट चालताना कुरकुर करायचे. शिवाय आपल्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून ते आरशासमोर म्हणून बघतात, अशी बातमी काकूंनी फोडली होती.

मी फोटो काढला. पाकीट उघडून, चार बोंडं रांगेत मांडून, इतका सुरेख की लग्नवाल्यानं बघून रडावं. साठवायला गेलो तर कम्प्युटरनं चौकट काढली. ‘या क्रमांकाचा फोटो आधीच आहे. बदलायचा?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’.

हे रोज होतं आणि मी रोज ‘हो’ दाबतो. त्या दिवशी, लग्नवाल्याचं काम किती वाईट होतं ते बघून बरं वाटावं म्हणून, आधी जुना फोटो उघडला.

तो काकांनी दुरुस्ती करायच्या आधीचा होता. पिवळा कागद, झाड गंजक्या टाचण्यांनी धरलेलं, फोटो जरा पुसट. पण डाव्या फांदीच्या टोकाला एक बोंड अजून झाडालाच लटकलेलं होतं. मी ते मोठं करून पाहिलं. मग आणखी मोठं करून पाहिलं. गोल. मणी. चोच नाही, नाक नाही, काही नाही.

आता एकाच झाडाला फांदीवर गोल आणि पाकिटात चोचवाली, असं होऊ शकतं का? माणसांत होतं. दादाचं नाक आणि माझं नाक बघून लोक आईकडे बघतात. पण जवसात होत नाही, हे मला वहिनीनंच शिकवलं होतं.

मी कपाटाकडे गेलो. बुटक्याच्या शीटबरोबर काकांच्या टेबलावर दुसरी कोणती शीट होती ते मला चांगलं आठवत होतं, कारण दोन्ही मीच एका ट्रेमध्ये घालून परत आणल्या होत्या. दरीतला उंच जवस, हातभर लांब, शीटवर मावावा म्हणून मधून मोडून बसवलेला. त्याचं पाकीट उघडलं. आत एक गोल मणी होता, एकटा. परक्या घरी राहायला आलेल्या मुलासारखा कोपऱ्यात बसलेला.

“काय रे फोटोवाल्या!” मागून कुरकुर आणि आवाज एकदमच आले. मी पाकीट घाईनं मिटलं. “माझ्या पोराचा फोटो निघाला का?”

“निघाला काका.”

“हसतंय का?”

“सध्या गंभीर आहे.”

“बापावर गेलंय,” काका खूश होऊन म्हणाले. मग खिशातून सुई काढली. “जरा दोरा ओव. मला येतं, पण तुझी सवय राहू दे.”

हल्ली ते माझी सवय फारच राहू देत होते. मी दोरा ओवला. त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली ती चाचपडत, आधी माझं मनगट, मग बोटं, मग सुई.

परत टेबलाशी आलो तर स्क्रीनवर चौकट तशीच होती. ‘बदलायचा?’ ‘हो’ दाबलं की जुना फोटो गेला, आणि त्याबरोबर तो फांदीवरचा मणीही. मग जगात त्या मण्याबद्दल फक्त मला माहीत असणार होतं, आणि माझ्यावर घरात कोणी दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवायलाही विश्वास टाकत नाही. मी काहीच दाबलं नाही. स्वेटर काढून स्क्रीनवर घातला, बाह्या मागे बांधल्या आणि कुडकुडत घरी गेलो.

घरी सांगायचं ठरवलं. पण आई तिथे होती आणि आई फॉर्मात होती. “कायम झालीस की आधी पडदे बदलू,” ती वहिनीला म्हणाली. “आणि त्या झाडाला काकांचं आडनाव का? आपलं काय वाईट आहे?”

“स्वतःचं नाव द्यायचं नसतं, आई.”

“माझं दे. मी कुठे शोधलंय?”

वहिनी हसत हसत गच्चीवर कपडे काढायला गेली. मी मागून गेलो. एकेक चिमटा काढून तोंडात धरायचा आणि चादरीची घडी घालायची, अशी मदत करता करता मी सगळं सांगून टाकलं. तोंडात चार चिमटे होते.

“काय?” ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

“भाऊजी, चिमटे काढा आणि बोला.” ती रागावली की मला भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. एरवी नुसतं ‘ए’.

मी चिमटे काढले. “पाकिटं बदललीत,” मी म्हटलं. “चोच दरीतल्या उंचाची आहे. तुझ्या बुटक्याचं बोंड गोलच आहे. जुन्या फोटोत दिसतं.”

तिनं हातातली चादर नीट चौकोनी घातली. मग ती उलगडली आणि पुन्हा घातली. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गादी बडवत होतं. वहिनी त्या आवाजाकडे बघत राहिली. गादी बडवून संपली तरी बघत होती.

सकाळी आम्ही सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो. मी स्क्रीनचा स्वेटर सोडला. तिनं जुना फोटो पाहिला, भिंग काढून शीटवरचं फांदीचं तुटकं टोक पाहिलं, तो एकटा मणी चिमट्यानं उचलून टोकाशी धरला. बसला. अगदी झाकण बसावं तसा.

“हे अजून कोणी पाहिलंय?”

“मी आणि कम्प्युटर.”

“कम्प्युटर काय म्हणतो?”

“तो कालपासून एकच विचारतोय.”

तिनं माऊसवर हात ठेवला. बाण ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधे जाऊन उभा राहिला. मी छताकडे बघितलं. आमच्या छताला बघण्यासारखं काही नाही, तरी मी बराच वेळ बघितलं.

“डोंगरावर जाऊ या,” वहिनी म्हणाली. हात काढून घेतला होता. “मणी एखाद्या किडक्या बोंडाचा असेल. वर अजून चोचवालं झाड असेलही. पट्टीवर जागा लिहिलीये. खिंडीच्या वर, उत्तरेचा दगडी उतार.”

“असेलही,” मी म्हटलं. आम्हा दोघांनाही एकमेकांच्या आवाजावरून कळलं की ते नसणार आहे.

साहेबांना सांगितलं की लेखासाठी जिवंत झाडाचा फोटो हवाय. ते काकांनी ऐकलं. “मी येणार,” ते म्हणाले. “बाप पोराला बघायला नको?”

“काका, चढ आहे.”

“नवे बूट आहेत.”

पहिल्या बसनं निघालो. खिंडीत उतरलो तेव्हा ऊन नुकतंच दगडांवर आलं होतं आणि वारा असा होता की माणसानं खिशातही हात धरून ठेवावेत. पण उतारावर बुटका जवस होता. नोंद केली त्या माणसाला जाऊन कित्येक वर्षं झाली होती, आणि झाडं त्यानं लिहिलं होतं तिथेच उभी होती. निळी फुलं, वाऱ्यात इतकी हलणारी की मला एकही फोटो नीट मिळेना. मला माझ्या मेलेल्या झाडांची किंमत कळली.

वहिनी पोटावर आडवी झाली. गेल्या हंगामाची वाळकी बोंडं होती, या हंगामाची हिरवीही होती. ती एकेक बोंड भिंगाखाली धरायची आणि सोडायची. सरपटत पुढे जायची. मी मागून जात होतो आणि तिच्या खांद्यांवरून सांगू शकत होतो, गोल. हेही गोल. कोपरं खरचटली होती, ओढणीला काटे चिकटले होते, तरी ती उताराच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून दुसऱ्या रांगेनं परत आली.

“सापडलं!” वरून काका ओरडले. “पोरी, ही बघ चोच!”

वहिनी उठली ती धावतच. मला आठवत नाही मी त्या चढावर कसा पोचलो. काकांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक बोंड धरलं होतं आणि खरंच, बोंडाच्या टोकाला काळी, टोकदार, बारीक चोच होती.

मग चोच चालायला लागली. टोकावरून उतरली, काकांच्या अंगठ्यावर आली, जरा थांबली आणि मनगटाकडे निघून गेली. मुंगी होती. काका अजून बोंडाकडेच बघत होते.

“आहे ना?” त्यांनी विचारलं. चेहरा असा, की त्या क्षणी मी खिंडीतल्या सगळ्या मुंग्यांना हात जोडायला तयार होतो, एकीनं तरी परत येऊन बसावं.

वहिनीनं त्यांच्या हातातून बोंड घेतलं. “बसा काका,” ती म्हणाली. “चहा घ्या आधी. दमलात.”

थर्मासमधला चहा पिऊन होईस्तोवर फुलं गळायला लागली. पाकळ्या वाऱ्यानं येऊन काकांच्या बुटांवर पडत होत्या. “खडे फार आहेत इथे,” काका म्हणाले आणि पाय झटकला.

परतीच्या बसमध्ये ते पुढच्या सीटवर झोपले. “त्यांना सांगायचं का?” मी हळूच विचारलं.

“काय सांगू? तुमचं पोर चालायला लागलं?” वहिनीचं हसू अर्ध्यावर आलं आणि तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. “आणि डोळ्यांचं कळलं तर साहेब त्यांना एक दिवस ठेवणार नाहीत. काकू म्हणतात, सुटीच्या दिवशी ते घरची वर्तमानपत्रं चिकटवत बसतात.”

साहेबांना तिनं डोंगराचं आणि पाकिटांचं सांगितलं, डोळ्यांचं सोडून. साहेबांनी सगळं ऐकलं, स्वेटरची बटणं लावली, पुन्हा काढली. मग माझ्या टेबलाशी आले आणि स्क्रीनवरच्या चौकटीकडे बघत म्हणाले, “हा जुना फोटो पुसट आहे.”

“थोडा आहे,” मी म्हटलं.

“पुसट फोटो बदलायचे, असा नियम आहे. मी नियम सांगतोय. बाकी मी काहीच सांगत नाहीये.”

“आणि उंच जवसाच्या पाकिटातला मणी?” वहिनीनं विचारलं.

“बारीकसारीक वस्तू हरवतात.”

“आपल्याकडे काही हरवत नाही, साहेब. तोही नियमच आहे.”

“अहो वहिनी, मी वरती कळवून बसलोय! आणि त्या टेकाडावर बघायला जातंय कोण?”

“आम्ही जाऊन आलो.”

साहेबांनी स्वेटरची बटणं पुन्हा लावली. मला वाटतं त्यांना वहिनीची खरंच काळजी होती. ती काळजी त्यांना दुसऱ्या कुठल्या आकारात ठेवता येत नव्हती. वहिनी पुढे वाकली आणि ‘नाही’ दाबलं. चौकट गेली. इतके दिवस विचारत होती, उत्तर मिळाल्यावर साधं ‘बरं’ही म्हणाली नाही.

“मग जागा शेवाळाला जाईल,” साहेब म्हणाले.

“जाऊ दे. शेवाळ चांगलं असतं,” वहिनी म्हणाली आणि फ्रीझरच्या खोलीत गेली. किडे मारायला नव्या शीट तिथे उणे तापमानात ठेवतात. त्या दिवशी नव्या शीट आलेल्या नव्हत्या. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “गारठा,” ती म्हणाली. शेवाळराव दारातच उभा होता. त्याला काहीतरी बरं बोलायचं होतं. “आमचं एक बरं आहे,” तो म्हणाला, “आमच्याकडे पाकळ्याच नसतात.” वहिनीनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. मला वाटतं सांत्वन नेमकं कोणाचं चाललंय हे त्यालाही कळलं नाही.

लेख मागे घेतल्याचं कळवून ती बसली आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन शीटसाठी. मग दोन्ही हातात धरून काकांच्या टेबलापर्यंत गेली आणि पाणी प्यायचं निमित्त करून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा चिठ्ठ्या माझ्या हातात देऊन म्हणाली, “ए, तूच जा. चिठ्ठी त्यांनीच लावायची असते.”

काकांनी ब्रश धुवून ठेवला होता. चिठ्ठी घेतली, नाकाजवळ नेली, लांब धरली, परत नाकाजवळ नेली. “वहिनीचं अक्षर फार बारीक झालंय हल्ली,” ते म्हणाले. “वाच बघू.”

मी शेवाळाच्या कपाटांकडे बघितलं. तिकडून मदत आली नाही. “वाचतो,” मी म्हटलं आणि वाचलं. “‘दुरुस्तीच्या वेळी या शीटचं पाकीट आणि दरीतल्या उंच जवसाच्या शीटचं पाकीट यांची अदलाबदल झाली होती. बोंडं आपापल्या जागी परत ठेवली. ही नवी जात नाही.’ खाली सही. आजची तारीख.”

काकांनी चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली.

“अदलाबदल कोणी केली?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“त्या आठवड्यात पंखा जोरात…” त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. दोन्ही शीट त्यांच्यापुढे होत्या. त्यांनी बुटक्यावरून बोट फिरवलं, मग उंचावरून. “एक वीतभर,” ते म्हणाले. “एक हातभर. आणि मला दोन्ही सारख्याच दिसल्या होत्या.”

मला त्या वेळी एखादा विनोद सुचायला हवा होता. सुचला नाही.

काकांनी डिंक घेतला, चिठ्ठीच्या मागे लावला, शीटवर ठेवून दाबली. “सरळ बसली?”

चिठ्ठी चांगलीच वाकडी होती, उतारावरून घसरल्यासारखी. “बसली,” मी म्हटलं.

काकांनी नखानं कड चाचपली. वरचं टोक, मग खालचं. “खोटारडा,” ते म्हणाले. “डिंक ओला असेपर्यंत सांगायचं असतं रे. मग काय उपयोग?”

मी चिठ्ठी सरकवून सरळ केली. त्यांनी पुन्हा कड चाचपली. “हं. आता पोरीला बोलाव. आणि तिला म्हणावं पेन आण. जाडं.”

वहिनी आली. दूरच उभी राहिली.

“खाली जागा आहे ना?” काकांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. “मग लिही. कोणी केली ते.”

“काका, त्याची काही गरज नाही. अदलाबदल झाली एवढं पुरे आहे.”

“आपोआप झाली? पाकिटं उठून चालायला लागली?” काका म्हणाले. मी आणि वहिनीनं एकमेकांकडे बघायचं टाळलं. “उद्या कोणी ही शीट काढेल, तर त्याला कळायला नको? त्या महिन्यात मी आणखी शीट केल्यात. त्याही सगळ्या बघाव्या लागतील. माझं नाव असेल तर शोधता तरी येतील.”

“साहेब वाचतील, काका.”

“साहेबांना वाचता येतं, हे माहीत आहे मला.” त्यांनी बुटातले पाय टेबलाखाली ओढून घेतले. “लिही गं. नाहीतरी या झाडावर माझं नाव यायचंच होतं.”

वहिनीनं जाडं पेन घेतलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि तिच्या नेहमीच्या मुंगीएवढ्या अक्षरात न लिहिता, दुकानाच्या पाटीसारखं मोठं लिहिलं. नाव, आडनाव. शेपूट नाही.

काका चिठ्ठीवर वाकले. मी वाचून दाखवायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि एकेक अक्षर लावत, स्वतःच वाचलं.